मागील बाकी

स्मरणिकेसाठी मंडळाचा इतिहास द्या म्हणाले,
दोन पानं, सोबत अध्यक्षांचा फोटो.
मी तेहतीस वर्षं इथे गुण लिहिले,
इतिहास नाही.
तरी पत्र्याची पेटी उघडली.
डांबराच्या गोळ्या, झुरळांची अंडी,
आणि तळाशी लाल कापडी वही: सन एकोणीसशे छत्तीस.

पहिली नोंद जमेची नाही, खर्चाची.
चुना, तीन आणे.
आखणी डोमाजी हेडाऊंची, दोरी न लावता.
ज्याला ताण्याचे दोन हजार धागे नजरेनं सरळ करता येतात
त्याला आट्यापाट्याच्या नऊ पाट्या काय अवघड.
मैदान म्हणजे तांडापेठेतली पाजणीची जागा.
सकाळी ताणा पसरायचा, खळ लावायची, कुंचा फिरवायचा,
उन्हं कलली की ताणा गुंडाळून
पोट्टे उतरायचे.
खळ तळपायाला लागायची.
महालातले म्हणत, कोष्ट्यांची पोरं पडत नाहीत,
चिकटतात.

अडतीस साली व्हॉलीबॉल आला, जाळी नव्हती.
झिबल निमजे म्हणाला,
"विकत काऊन आणता बाप्पा? घरात माग हाये ना."
आठ दिवस बसला.
इतकी दाट विणली, इतकी देखणी,
की पलीकडचा संघ दिसेना.
काठाला करवती किनार.
वहीत शेरा: जाळी उसवून पुन्हा विणणे.
मजुरी घेतली नाही.
किनार राहू दिली.

एकाहत्तर साली शाई बदलते, अक्षरही.
विषय क्रमांक चार: मुलींचा खो-खो.
विरोधात अकरा, बाजूने तीन,
तटस्थ चहावाला.
पुढचं पान फाडलेलं.
त्यापुढे वेणू सोनकुसरेची सही, ठसठशीत,
आणि खाली आठ सह्या, शाळेतल्या वळणाच्या.
मधे काय झालं, वेणूताईंना विचारलं.
त्या सुपारी कातरत होत्या.
"काई नाई झालं. राती चुना मीच टाकला.
सकाळी आठ जणी जाऊन बसल्या रांगेत,
एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं.
पंच कमिटी आली पाहाले.
आता बसल्या पोरींना उठवणार कोन?
खो द्याचा हक तर माह्याकडं होता."

मिल बंद पडल्याची नोंद कुठे नाही.
वर्गणीच्या रकान्यात फक्त आडव्या रेघा,
पानभर, ताण्यासारख्या.
एकाच ठिकाणी अक्षरं:
गेंदलाल पराते, वर्गणीऐवजी कॅरमचा स्ट्रायकर एक.
पुढल्या दिवाळीला:
स्ट्रायकर परत मागितला. दिला.

मग मैदानावर पाण्याची टाकी आली.
नळाला पाणी येतं.
तक्रार कोणत्या तोंडानं करायची?
टाकीखाली, खांबांच्या मधे
कबड्डी बसते,
खो-खो तिरका बसतो,
आट्यापाट्या बसत नाही.

आणि एका पानावर मी पंधरा दिवस अडकलोय.
महालच्या संघाशी अंतिम सामना,
तिसरा डाव, बारा-बारा.
अंधार पडल्याने थांबवला. उर्वरित खेळ उद्या.
उद्याचं पान आहे.
त्यावर पोहे दोन पायली, गूळ,
रॉकेल, कंदील चार.
बस.

महालात जाऊन आलो.
त्यांचा एक म्हातारा खाटेवर उठून बसला:
"आम्हीच जिंकलो होतो!"
कसे, विचारलं,
तर म्हणाला, ते नाई आठवत.
कंदिलांचं विचारलं.
बराच वेळ माझ्या चपलांकडे बघत राहिला.

अध्यक्ष म्हणतात, जिंकलो लिहून टाका,
तपासतं कोण.
मी बारा-बारा लिहिलं.
खाली जागा उरत होती, म्हणून
चार कंदीलही लिहिले,
किमतीसकट.