तिसरी लेन

रात्रभर औलूच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलून
मी तसाच तलावावर येतो.
बाहेर उणे एकोणीस. आत चष्म्यावर वाफ,
बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या,
गळ्यात क्लबचं घड्याळ.

माझी लेन तिसरी.
तूलिक्की सहावीत.
आपल्या लेनवरून नजर हलवायची नाही,
एवढाच नियम.

भोंगा. पाणी फाटतं.
तिसरीत कुणाचा तरी यूसो,
उजवा हात जरा वाकडा पडतोय,
वळताना भिंत चुकता चुकता राहिली.
माझा अंगठा त्याच्यासाठी श्वास रोखून.
डाव्या कानानं मात्र मी सहावी लेन शोधतो.
पाण्याला काय,
त्याला सगळी पोरं सारखीच.

एक मिनिट चौदा, बासष्ट शतांश.
ओल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही,
दोनदा गिरवतो.

गाडीत ती विचारते, "पाहिलंस?"
तिच्या केसांतलं पाणी सीटवर ठिबकतंय.
"यूसोनं दोन सेकंद कमी केले," मी म्हणतो.
ती हसत नाही. रुसतही नाही.
धुरकट काचेवर बोटानं
तिचा आकडा लिहिते.

दिवा हिरवा होतो.
मागचं कुणी हॉर्न वाजवत नाही.
मी वाचतोच आहे.