विसावा

महिन्याच्या विसाव्या दिवसाला
हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे.
त्याच दिवशी दाल बाजारातले माझे निम्मे व्यापारी
संध्याकाळी चारला बिलांची पिशवी घेऊन येतात,
तुरीच्या भुशाचा वास असलेली,
आणि विचारतात, मॅडम, आज शेवटची तारीख ना?

ग्वाल्हेरपासून शिवपुरी अडीच तास.
आम्हाला सहा वर्षं लागली.
एकदा हेरंबच्या सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर जळाला,
एकदा मुदतवाढ आली, म्हणजे कामच लांबलं,
एकदा रजा जुळल्या तर पावसाळा, जंगलच बंद,
मग ऑडिट,
मग नुसतंच "बघू".
रेवाने पहिलीत काढलेली मगर
फ्रिजच्या दारावर पिवळी पडली.
तिला सहा पाय आहेत.
रेवा आता सातवीत, पण पाय खोडायला तयार नाही.

या वेळी तिने विचारलंच नाही.
माझ्या डायरीत, एकवीस जानेवारीच्या पानावर,
माझंच अक्षर गिरवून लिहून ठेवलं :
श्री. मगरे, शिवपुरी. पूर्ण दिवस. फी आगाऊ मिळाली.
खाली पाकिटात तीनशे चाळीस रुपये.
दोन दिवस मी मगऱ्यांची फाईल शोधत होते.

पहाटे धुक्यात निघालो.
मोहन्याला चहा, डब्यातली गजक,
पुढे कधीतरी फोनच्या शेवटच्या काडीने मान टाकली.
मी दोनदा हात उंच करून पाहिला, नंतर पाहिला नाही.

तलावाकाठच्या खडकावर ते होते.
जबडा उघडा, डोळे मिटलेले की नाहीत कळेना.
"आई, हेच मगरे," रेवा कुजबुजली.
उशिराबद्दल मी मनात माफी मागितली.
त्यांनी जबडा तसाच ठेवला.
पाऊण तास झाला. काहीही घडलं नाही.
हेरंब, जो घरी पंखा सुरू झाला तरी
व्होल्टेज किती असेल म्हणतो,
गाडीच्या दांड्यावर हनुवटी टेकून बसला होता.
त्याच्या कानामागे एवढे केस पिकलेत,
हे मला तिथे दिसलं.

वाटेत रेवाला साळिंदराचा काटा सापडला.
गाईड रामसेवक म्हणाला, बिटिया, इथलं इथेच.
तिने तो परत ठेवला,
टोक ज्या दिशेला होतं, त्याच दिशेला.

बावीस तारखेला दुकान उघडायच्या आधीच
झंवरशेठ पायरीवर.
"मॅडम, काल दिवसभर फोन लागला नाही!"
"अशिलाकडे गेले होते."
"बाहेरगावी? मोठी पार्टी दिसते. धंदा काय त्यांचा?"
मी पिशवीची गाठ सोडली.
भुसा टेबलावर सांडला.
"ऊन खातात," म्हटलं.