शेरा

सबस्टेशनच्या नोंदवहीत दर तासाला
व्होल्ट लिहायचे, अँपिअर लिहायचे,
आणि शेवटी एक रुंद रकाना, शेरा.
बाकीचे तिथं ‘निरंक’ लिहितात.
मी तापमान लिहितो.

थर्मामीटर शाळेच्या प्रयोगशाळेतला,
भंगारात निघाला तेव्हा बारा रुपयांत घेतला.
लाकडी पट्टी उललेली, पारा शाबूत.
भिंतीला टांगला नाही, आवळ्याच्या फांदीला बांधला.
भिंत दिवसाची ऊब पोटात ठेवते
आणि रात्री खोटं बोलते.
हे कुणी शिकवलं नाही,
एक अख्खा हिवाळा दोन्हीकडं बांधून पाहिला.

आमच्या आमपाटीत, मेळघाटच्या माथ्यावर,
थंडी ओहोळाच्या खोलग्यात जाऊन बसते,
डोहात म्हशी बसाव्यात तशी.
टेकाडावर सात, खोलग्यात चार.
सुटीच्या रात्री सायकल ढकलत जाऊन मोजलंय,
बायको म्हणते, बाहेरचं काही लागलंय याला.

भाचा फौजेत आहे, लडाखला.
महिन्यातून एखादा फोन.
‘किती?’ मी विचारतो.
‘वजा एकवीस.’
‘बर्फ?’
‘कमरेएवढा, मामा. फावड्यानं ओढतो.
तुमच्याकडं?’
‘सहा पूर्णांक पाच,’ मी म्हणतो,
मोठ्या घरच्या लग्नात
अकरा रुपयांचा आहेर लिहून घ्यावा तसा.

आभाळ उघडं, वारा मेलेला,
लांबच्या ढाण्यातलं कुत्रं कानाशी भुंकल्यागत वाटतं,
ट्रान्सफॉर्मरची घूंघूं एकदम कोरडी होते.
अशा रात्री मी पेन बनियनमध्ये ठेवतो,
नाहीतर ते ऐन वेळी रुसतं.

सोळा जानेवारीची रात्र तशीच होती.
पावणेतीनला चार पूर्णांक दोन.
साडेतीनला तीन.
शेतीचा फीडर चारला बंद करायचा, वरून आदेश.
खाली खोलग्यात दोन बॅटऱ्या हलत होत्या,
गेंदू कासदेकर आणि त्याची सून
हरभऱ्याला पाणी देत होते.
भिजल्या रानावर हीव कमी बसतं
हे त्यांना वहीशिवाय ठाऊक.
मला इथं त्यांचं एवढंच दिसायचं,
अँपिअरचा काटा, किंचित थरथरता.

चार वाजले.
हात मुठीपर्यंत नेला,
आणि मग चहाच ठेवला.
बंद केला पाच वाजून दहा मिनिटांनी.
वहीत लिहिलं, चारला बंद.
पाचच्या ओळीत अँपिअर शून्य.
सतरा वर्षं थंडीत शून्याची वाट पाहिली,
ते असं, भलत्याच रकान्यात पडलं.
शेजारी शेरा, १.८.
तो मात्र तंतोतंत.

उजाडलं तेव्हा कुंपणाच्या तारेवर बारीक रवा.
गवत पांढरं, पाय ठेवला की करकरायचं.
भिवसन येवले दुधाच्या कॅना घेऊन आला,
म्हणाला, ‘चाल, पाह्य त खरं,
हौदाले साय आली.’
खरंच आली होती.
भाच्याच्या जुन्या कंपासमधली पट्टी लावली,
दोन मिलिमीटर, तेही काठाशी.
मी दुसऱ्यांदा मोजायला वाकलो
तोवर भुरीनं मुस्काट घातलं
आणि पिऊन टाकलं.

फोन लागला नाही. निरोप धाडला,
‘बर्फ: दोन मिमी.’
तीन दिवसांनी उत्तर,
‘मामा, कानटोपी घालत जा.’

गेंदूच्या रानात वरच्या चार ओळी काळ्या पडल्या,
तिथवर पाणी पोचलं नव्हतं.
बाकीचा हरभरा घाट्यांवर आला.
तो काही बोलला नाही, मीही नाही.
एकदा सुनेच्या हातानं सोलाणे आले, फडक्यात बांधून.

मार्चात साहेब वही तपासायला आले.
शून्यावरून त्यांचं बोट सहज पुढं सरकलं,
आणि १.८ वर थांबलं.
चष्मा वर करून म्हणाले,
‘हे खरं आहे का?’