उतराई

पहाटे पावणेसहाला नळाला कन्हान येते.
आधी नुसती हवा, कोणी घसा खाकरावा तशी,
मग गढूळ धार, मग निवळ.
पहिली बादली मी मोरीत ओतते.
सून आधी विचारायची, कायले सांडता जी?
आता नाही विचारत.

पेपरवाल्या पोराचा काल फोन आला.
पन्नास वर्षं झाली म्हणे त्या नावेला.
आजी, दोन वाक्यं सांगा.
मी म्हटलं, माझी एक चप्पल पायातच राहिली होती.
तो थांबला. मग म्हणाला, अजून काही?

आश्विन होता, पाणी उतरलंय असं सगळेच म्हणत होते.
दसऱ्याआधीचा बाजार पलीकडच्या काठावर.
बाबांच्या खांद्यावर गाठोडं, बारा लुगडी करवतकाठी,
सूत इतवारीच्या शेठचं, डोळे आईचे.
घाटावर तुकडू ढिवर कासोटा खोचून उभा.
माणशी दहा पैसे, पोराले पाच.
बाबांनी नोट काढली तर म्हणाला,
ठेवा निखारेभौ, सुट्टे नाहीत,
उतराई तिकडे गेल्यावर द्या.

नाव वीसजणांची. बाजाराच्या दिवशी कोण मोजतं.
दोन सायकली होत्या, एक गाभण शेळी,
आणि गुलाब शिंप्याची नवी कोरी मशीन,
तिचा एकच हप्ता भरलेला.
एका बाईच्या पदराखाली सहा दिवसांचं लेकरू,
त्याचं बारसं व्हायचं होतं.
यादीत तेहतीस नावं आहेत.
ज्याला नावच नव्हतं, ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

मधोमध कोणीतरी ओरडलं, मगर! मगर!
सगळे त्या अंगाला वळले बघायला.
मीही वळले.
ओंडका होता.

नंतरचं मला आवाजात आठवत नाही.
गुलाबनं मशीन सोडली नाही, एवढं दिसलं.
बाबांनी गाठोडं माझ्याकडे ढकललं, म्हणाले, धर.
घट्ट बांधलेलं सूत लवकर भिजत नाही
हे आम्हा कोष्ट्यांना माहीत असतं,
मला तेव्हा माहीत नव्हतं.
मग गाठ सुटली.
कन्हानभर लाल काठ, हिरवे काठ, लांबच लांब,
जणू कोणी नदीचाच ताणा मांडलाय.
त्यातल्या एका पदराला धरून
तुकडूनं मला खेचलं.

सात लुगडी मिळाली.
आईनं ती धुतली, खळ दिली, घड्या घातल्या.
शेठनं अर्ध्या भावात घेतली.
कोणाकोणाच्या अंगावर गेली असतील.
त्यातल्या एकीनं मला धरलं होतं,
हे नेसणारीला कसं कळावं?

तुकडू सहा महिने आत राहून आला.
पुन्हा वल्हं धरलं नाही त्यानं.
गोळीबार चौकात शिंगाडे विकायचा, उकडलेले, काळे.
आई त्याच्याचकडून घ्यायची, दुसऱ्याकडून कधीच नाही.
बोलायचे नाहीत दोघं.
तो मापावर एक मूठ जास्त टाकायचा,
आई ती मूठ उचलून परत त्याच्या टोपलीत ठेवायची.
किती वर्षं चाललं हे. मी पिशवी धरून उभी.
माझ्या मुठीत एकदा पंधरा पैसे होते,
दहा बाबांचे, पाच माझे,
घामानं ओले झालेले.
पुढे करवले नाहीत.
पलीकडे आम्ही उतरलो कुठे होतो?

आता तिथे पूल आहे. जावई गाडीतून नेतो.
बाया खिडकीतून नाणी टाकतात, हात जोडतात.
माझा हात पर्सपर्यंत जातो
आणि तिथेच राहतो.

कन्हानचं पाणी पिते मी, भात शिजवते त्यात,
नातवाला आंघोळ घालते.
त्याच्या केसांतून ते खाली येतं तेव्हा
मी त्याचा दंड जरा जास्तच घट्ट धरते.
तो म्हणतो, आजी, दुखते नं.

पहिली बादली मात्र मोरीत.
मोरीतून नालीत, नालीतून नागनदीत,
आणि शाळेत शिकवलं होतं,
नागनदी पुढे जाऊन कन्हानलाच मिळते.
इतक्या घाणीतून पोचत असेल का
माझी एक बादली?
पोचली तरी मोजायला तिथे आता कोण बसलंय.

नळ गेला. उद्या पुन्हा पावणेसहाला.