दम

अकरा वर्षं भाऊ मांडवकर सांगतायत :
संघबांधणी चालू आहे. दम धरा.

धरलाय की.
चढाईला गेलेल्या पोरालाही तीस सेकंदांत
परतायची मुभा असते,
मधली रेषा शिवली की छाती भरून घेता येते.
मी अकरा वर्षं परक्या अंगणात उभा,
एकाच श्वासावर,
आणि पंच घड्याळाकडे बघतच नाहीत.

वेताळबाबा क्रीडा मंडळ, डिलाईल रोड.
शेवटचा करंडक आला तेव्हा
माझ्या धाकटीचं बारसं व्हायचं होतं.
ती आता पुण्यात नोकरीला आहे,
फोनवर विचारते, "बाबा, अजून जाता?"

पहिल्या वर्षी म्हातारे काढले. उजवा कोपरा घाग,
दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, तरी घोटा धरला की धरला,
त्यालाही नारळ दिला.
पाया घालायचाय, भाऊ म्हणाले. म्हटलं, घाला.
दुसऱ्या वर्षीही पायाच.
तिसऱ्या वर्षी माती जाऊन मॅट आली,
पोरांचे तळवे सोलले,
म्हणून पुन्हा नवा पाया.
पाचव्या वर्षी साखळीतच बाद, तरी पेढे वाटले
कारण फक्त चार गुणांनी.
नाशिकहून दोघे चढाईपटू आणले,
एकाला बँकेने नेलं, दुसऱ्याला काविळीने.
मैदानासमोरचं गोदाम पाडून
तिथे सत्तावीस मजले उभे राहिले,
माणसं राहायला आली,
त्यांची लिफ्ट दोनदा बिघडून दुरुस्तही झाली.
आमचा पाया अजून ओलाच.

मी काही फार मागत नाही हो.
निदान रेषा. नावातच आहे बघा,
निदान तेवढी तरी ओलांडा.

माझं दुकान करंडकांचं. नावं कोरून मिळतील.
नायगाव, कुर्ला, पार ठाण्यापर्यंतचे विजेते
माझ्या हाताखालून गेलेत.
खणात एक पितळी पट्टी आहे :
विजेता, वेताळबाबा क्रीडा मंडळ.
सालाची जागा मोकळी.
दर दिवाळीला देवांबरोबर तीही चिंचेने घासतो.
बायको बघते. काही म्हणत नाही.
तेच जास्त लागतं.

दर वर्षी शपथ घेतो, आता बास.
मग वर्गणीचं पुस्तक घेऊन कुणी पोरगं येतं
आणि मी गल्ल्यात हात घालतो,
शिव्या देत देत.

मग प्रज्योत आला. त्याच घागचा मुलगा.
अकराव्या वर्षी पाण्याच्या बाटल्या भरायचा,
एकोणिसाव्या वर्षी, उपांत्य सामन्यात,
आमचे सहा जण बाहेर बसलेले असताना
एकटा गेला.
तिघांनी धरला, कमरेला, मांडीला, घोट्याला,
तिघांना ओढत आला, आणि आडवा पडता पडता
दोन बोटं रेषेपलीकडे.
बाहेरचे तिघे जिवंत होऊन आत धावले.
मीही. म्हणजे श्वास घेतला मी,
अकरा वर्षांतला एक,
खुर्ची मोडली त्याचे दीडशे रुपये भरले.

अंतिम सामना हरलो. तो भाग सोडा.

जूनमध्ये त्याला बँकेने घेतलं.
पेढ्यांचा पुडा घेऊन आला, पायाकडे वाकला.
छान झालं म्हटलं, आणि छानच झालं होतं.
घागच्या घरात पहिल्यांदाच
महिन्याच्या एक तारखेला पैसे येणार होते.
पेढा मात्र संध्याकाळपर्यंत टेबलावरच राहिला.

काल जिल्ह्याच्या सत्काराची ऑर्डर आली.
उत्कृष्ट चढाईपटू, खाली त्याचं नाव,
त्याच्याखाली बँकेचं.
कागदावर कुणीतरी 'प्रजोत' लिहिलं होतं.
मी दुरुस्त केलं. इतकी वर्षं त्याला ओरडून हाका मारल्यात,
नाव मला माहीत आहे.

कोरताना श्वास रोखावा लागतो,
नाहीतर सुई घसरते.
बाजूला फोन वाजत होता. भाऊंचा.
सातवीतला कुणी डावरा सापडलाय,
परवापासून तेच चाललंय त्यांचं.
वाजू दिला.
'त' तेवढा उरला होता.