पितळी पट्टी

मॉलच्या दारात पायाखाली एक पितळी पट्टी लागते.
अलीकडे सिमेंट, नगरपालिकेचं, भेगाळलेलं.
पलीकडे गुळगुळीत फरशी, कंपनीची.
आठ वर्षं मी या पट्टीचा राखणदार.

त्या शनिवारी व्हर्ना होस्टेटलरबाई आल्या,
कापडी पिशवीत दीडशे पत्रकं,
आणि कारंज्यापाशी उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या,
कागदगिरणीखाली नदीला वास येतोय,
नळालाही येतोय, वाचा.

या आमच्या शाळेच्या ग्रंथपाल.
तीस वर्षं ओठांवर बोट ठेवून
ओहायोतल्या या टीचभर गावाची पोरं गप्प केली त्यांनी.
आता मी त्यांना.
"बाई, इथे नाही चालत. खाजगी जागा आहे."
"मग गाव कुठे आहे, एल्डन?"

खरंच की.
मेन स्ट्रीटवरची न्हाव्याची खुर्ची गेली,
पोस्ट गेलं, बूटवाला गेला,
सगळे इथे आले, छताखाली.
चव्हाटा उचलून कुणी आपल्या घरात नेला
तर त्याला चव्हाटा म्हणायचं का?

त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या,
जिथे माणूस थांबत नाही, नुसत्या गाड्या वळतात.
सव्वा तास. अकरा पत्रकं खपली.
बारावं मी घेतलं,
चहाच्या सुट्टीत, टोपी काढून.

मला साधू समजू नका.
गेल्या निवडणुकीत माझ्या अंगणात
रातोरात कुणी पाटी ठोकली होती.
मी ती उपटली, गुडघ्यावर मोडली.
माझं अंगण. अजून पस्तावलो नाही.

रात्री पत्रकाचा फोटो काढून टाकला
फोनवर, जिथे म्हणे अख्खं गाव असतं.
सकाळी गायब.
'आमच्या नियमांत बसत नाही.'
कुठला नियम? कुणाच्या?
उत्तराच्या जागी एक अंगठा,
वर करा किंवा खाली.

तिथे पट्टी पायाला लागत नाही.
बाईंना निदान माझं तोंड तरी होतं,
छातीवर नावाचा बिल्ला,
चार शब्द सुनवायला समोर एक माणूस.

सोमवारी त्या पुन्हा आल्या.
बुटाचं टोक बरोबर पितळेवर.
माझ्याकडे बघत
ओठांवर बोट ठेवलं.
हसल्या की दटावलं, कळलं नाही.
पिशवी मात्र
शनिवारपेक्षा फुगलेली होती.