मधले बारा मिलिमीटर

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे मीटर वाचले.
वास्कोपासून कुठ्ठाळीपर्यंत,
जिन्याखालचे, तुळशीमागचे,
फ्रीजच्या खोक्याआड दडवलेले.
कुत्र्यांची नावं अजून आठवतात, माणसांची नाही.
"मीटर धांवता मरे," सगळेच म्हणायचे.
मी म्हणायचो, मीटर नाही हो,
थंडावा पळतो तुमच्या घरातून,
खिडकीवाटे, दिवसाढवळ्या.

आता निवृत्त. चिखलीतलं हे घर,
वर विमानतळ, खाली खाडी,
झोपायच्या खोलीची एकेरी काच,
एसी लावला की बाहेरून घामेजणारी,
आणि एप्रिलला चारशे बारा युनिट.
स्वतःचाच मीटर वाचला
आणि लाज वाटली.

सालू कार्व्हालोने टेम्पोतून खिडकी आणली
पेशंटला आणावं तशी, गाद्यांत गुंडाळून.
दोन काचा. मधे बारा मिलिमीटर.
"आणि मधे रिकामंच?" प्रफुल्लाने विचारलं.
"रिकामं कसं, वहिनी? गॅस आहे. आरगॉन."
ती एक पाऊल मागे सरली. सिलिंडर आठवला असणार.
"हा पेटत नाही. वास नाही, रंग नाही,
कोणाशी जुळत नाही, कोणाशी भांडत नाही.
उष्णता आली की तिला पुढे न्यायचा कंटाळा करतो,
एवढंच त्याचं काम."
"म्हणजे वीज खात्यातलाच," ती म्हणाली
आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

दुपारी दोनला काचेला तळहात लावला.
बाहेर जांभा तापून लाल,
आत काच
वहीच्या पुठ्ठ्यासारखी, कोरडी, बेफिकीर.
रात्री तीन दहाचं विमान
आवाज बाहेरच काढून ठेवून उतरलं,
दाराशी चपला काढाव्यात तसा.
प्रफुल्ला कूस न बदलता झोपून राहिली.
मीच जागा.
इतकं शांत की तिचा श्वास मोजता येत होता.
एवढ्या वर्षांत
तेवढंच एक रीडिंग घ्यायचं राहिलं होतं.

जाताना सालूने सांगितलं होतं,
मालातली खोट सांगावी तसं, दबकून:
वर्षाला शंभरातला एक भाग निसटतो,
कडा कितीही लिंपल्या तरी.
कुठे जातो?
"जाणार कुठे, हवेत.
हवेतही तो असतोच की, शंभरातला एक."

मे महिना, दोनशे सत्त्याण्णव.
लाल वहीत तारीख, आकडा, खाली सही.
सही कशाला, कोण जाणे.
वही मागायला आता कोणी येत नाही.

स्वयंपाकघराची खिडकी मात्र तिने बदलू दिली नाही.
ती शिंपल्यांची. आधीच्या मालकाने बसवलेली,
खालच्याच खाडीतले शिंपले, चौकोनी कापून.
कोणा जिवाने थरावर थर चढवून केलेलं घर.
त्याच्याही दोनच काचा होत्या
आणि मधे
कोणीतरी होतं.

"हुमणाची वाफ मग कुठून जाईल?" ती विचारते.
फटी आहेत. उष्मा आत येतो,
येताना मला दिसतो. मी काही बोलत नाही.
वही मी तिथेच बसून लिहितो.
उजेड दुधाळ आहे तिथला,
आकडे जरा पुसट दिसतात.